बोरसेबाईंचा चौथा अंक

सुमन बोरसे यांचे गेल्या पौषात, एका सोमवारी सकाळी, धुळ्यात पुतण्याच्या घरी निधन झाले. आमच्या दैनिकाच्या धुळ्याच्या पानावर चार ओळींची बातमी आली. निवृत्त प्राध्यापिका, विषय मराठी, वय अठ्ठ्याहत्तर, मागे दोन पुतणे आणि त्यांचा परिवार. चारही ओळी बरोबर होत्या. त्या मीच तपासून दिल्या होत्या. पुढचा मजकूर त्या जागेत मावणारा नव्हता.

नाटकाचे पुस्तक हातात आले की बोरसेबाई आधी संवाद वाचत नसत. त्यांच्या पिशवीत दोन टोकांची लाल-निळी पेन्सिल असे. पानाच्या समासात त्या पात्रांची आद्याक्षरे लिहीत. जो बसलेला असेल त्याच्यापुढे लाल ठिपका, जो उभा असेल त्याच्यापुढे निळी रेघ. जो कोणाला न विचारता निघून जाऊ शकतो त्याच्या अक्षराभोवती वर्तुळ. अशा खुणा शेवटच्या पानापर्यंत झाल्या की मग पहिल्या पानावर येऊन त्या वाचायला सुरुवात करीत.

जळगावच्या महाविद्यालयात मी दोन वर्षे त्यांच्या वर्गात होतो. उंच, सडपातळ, सुती पातळ, आवाज खर्जातला. शिकवताना त्या प्रमाण मराठी बोलत, पण मुद्द्यावर आल्या की धुळ्याकडची अहिराणी सुरू होई. पहिल्याच तासाला त्यांनी अभ्यासक्रमातल्या नाटकाचे पुस्तक वर धरले आणि म्हणाल्या, “बोलनं खोटं ऱ्हास. बठनं खोटं ऱ्हात नही. आधी देखा, बठेल कोन शे.”

बोलणे खोटे असते, बसणे खोटे नसते. आधी बघा, बसलेला कोण आहे. आम्ही बहुतेक जण जळगावच्या पूर्वेकडचे. आमच्या कानाला ते ‘शे’ गमतीचे वाटे. मागच्या बाकांवर हसू फुटले. बाई रागावल्या नाहीत.

“हसा ना. पन कोना बोलावर हसू येस आन कोना बोलावर येत नही, ते बी वहीमा लिखा. परीक्षाले येई.”

अंतर्गत परीक्षेत तो प्रश्न खरोखर आला. दहा गुणांना.

ज्या नाटकावर त्यांची हयात गेली ते शंभरएक वर्षांपूर्वीचे आहे. अभ्यासक्रमात ते अधूनमधून येते, आणि खानदेशातल्या गावोगावच्या मंडळींनी ते केले आहे. गोष्ट साधी आहे. अमुक दिवशी उगवतीपासून मावळतीपर्यंत जो सिंहासनावर बसेल तो मरेल, असे ज्योतिषी राजाला सांगतो. राजा त्या दिवसापुरते वाड्यातल्या पाणक्याला सिंहासनावर बसवतो. पाणक्या दिवसभर न्यायनिवाडा करतो आणि मरत नाही. इथे तिसरा अंक संपतो. चौथ्या अंकात राजा सिंहासन परत मागायला येतो. पाणक्या लगेच उठत नाही. बसल्या बसल्या राजाला एक प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो आणि मग स्वतःहून उठतो.

गाइडमध्ये या नाटकाचा विषय ‘नियती’ असा छापलेला होता. बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले आणि विचारले, “नियती राजाले बी व्हती. मंग पाणक्यालेच कसाले बसाडं?” मग त्यांनी आम्हाला पाणक्याची वाक्ये काढायला लावली. पहिल्या तीन अंकांत तो राजाच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देतो, पण राजाला एकही प्रश्न विचारत नाही. पहिला प्रश्न चौथ्या अंकात येतो, आणि तो विचारताना त्याच्यापुढे लाल ठिपका आहे.

“एवढंसंच नाटक शे हाई,” बाई म्हणाल्या. “बाकीनी बठ्ठी सजावट.” बठ्ठी म्हणजे सगळी.

हा हिशेब त्या पुस्तकापुरता ठेवीत नसत. महाविद्यालयात सोनवणे नावाचे शिपाई होते. सूचनांचे रजिस्टर घेऊन ते वर्गाच्या दारात येत, आणि प्राध्यापक वाचून सही करीपर्यंत उभे राहत. बाईंनी प्रयोगशाळेतले एक स्टूल आणून दाराशी ठेवले आणि सोनवण्यांना बसायला सांगितले. प्राचार्यांनी ते उचलायला लावले. बाईंनी पुन्हा आणले. असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा सोनवणेच आले. म्हणाले, “मॅडम, स्टूल राहू द्या आता. तुम्ही आणता, बोलणं मले बसतं.” बाईंनी स्टूल परत केले. सोनवणे घाबरट आहेत, असे त्या बरीच वर्षे सांगत.

निवृत्तीनंतर एका संस्थेने त्यांचा सत्कार केला. मंचावर कडेची खुर्ची मिळाली. दुसऱ्या दिवशी मी विचारले, कार्यक्रम कसा झाला? म्हणाल्या, “मंचवर बठेल, खाले बठेल. उभा एकच मानूस, माइकवाला. खरं नाटक त्यानं व्हतं, पन त्याले कोनी बोलू दिन्हं नही.”

तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात तुकाराम नाना आमच्या कार्यालयात आले. असोद्याच्या पुढे एक गाव आहे. नाव देत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती माणसे तिथे राहतात. त्या गावात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी हेच नाटक होते. नाना मंडळाचे चिटणीस आणि प्रॉम्प्टर. दरवर्षी कार्यक्रमाची बातमी घेऊन येत. या वेळी त्यांच्या हातात मंडळाची नक्कल होती, म्हणजे ज्या हस्तलिखित वहीवरून नाटक बसवले जाते ती. वाळवीने कोपरे खाल्ले होते. कोणाकडून तरी स्वच्छ अक्षरात नवी वही करून हवी होती. मी त्यांना बोरसेबाईंकडे नेले.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. नक्कल तिसऱ्या अंकाच्या शेवटी संपत होती. पाने हरवली असतील असे समजून त्या मला घेऊन गावात गेल्या.

“पानं हरवेल नही, बाई,” नाना म्हणाले. “लिहेलच नव्हती.”

नानांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेले सांगितले. राजाचे काम गावातल्या एका मोठ्या बागायतदाराच्या घरात पहिल्यापासून चालत आले आहे. पाणक्याचे काम त्याच घराच्या सालदाराकडे. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी. पहिल्या वर्षी चौथा अंक बसवायला घेतला. मालक समोर उभा आणि सालदार बसलेला, असा प्रसंग. सालदार तालमीत प्रत्येक वेळी उठून उभा राही. त्याला कोणी दटावले नव्हते. तो आपोआप उठे. शेवटी नक्कल करणाऱ्याने तो अंक उतरवून घेतलाच नाही.

“लोकाले वाटते नाटक तीनच अंकाचं आहे,” नाना म्हणाले. “मलेबी वाटे.”

बाईंनी त्याच दुपारी ठरवले की यंदा चौथा अंक करायचा. राजाचे काम आता भास्कर आबांकडे होते. केळीची मोठी बाग, ओट्यावर झोपाळा, बोलणे मोकळे. बाईंना त्यांनी झोपाळ्यावर बसवले आणि सगळे ऐकून घेतले.

“बाई, नाटकच त आहे ते,” आबा म्हणाले. “बसू द्या त्याले. मी राहीन उभा. मले काय संधिवात नही झाला आजून.”

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, काम सोपे झाले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“परवानगी दिन्ही त्यानी,” त्या म्हणाल्या. “म्हनजे आजून राज्य त्यानंच शे.”

नवी नक्कल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली, चार अंकांची, प्रॉम्प्टरला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत. चैत्रात शाळेच्या खोलीत दुपारी तालमी सुरू झाल्या. सिंहासन केळीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटचे, वर लाल कापड. पाणक्याचे काम आबांचे सालदार सुपडू करीत. वय पन्नासच्या आसपास, बारीक अंगकाठी, पाठांतर पक्के. तीन अंकांत त्यांना शब्द सुचवावा लागत नसे. चौथ्या अंकातही शब्द चुकत नव्हता, पण बाई पुन्हा पुन्हा थांबवत होत्या.

“सुपडू, तू बठेल नही शे. तू नुसता टेकेल शे. तुनं वजन बठ्ठं पायवर शे.”

“बसलोच आहे ना बाई.”

“अरे बस ना सुपड्या,” नाना कोपऱ्यातून ओरडले. “क्रेट मोडत नही. घड भारी राहते तुह्यापेक्षा.”

सगळे हसले, सुपडूही हसले. पण समोर आबा आले की त्यांच्या टाचा जमिनीला घट्ट लागत आणि गुडघे पुढे सरकत. आबांच्या जागी दुसरा कोणी उभा केला तर ते व्यवस्थित मागे टेकून बसत. आबा चौथ्या अंकाच्या तालमीला फार वेळ थांबतही नसत. बागेत माणसे वाट बघत असत.

एका दुपारी सुपडू तालमीला आले नाहीत. बाई आणि मी मळ्यात गेलो. सुपडू बारीवर, म्हणजे पाण्याच्या पाळीवर, गेले होते. खोलीपुढे त्यांच्या पत्नी वत्सलाबाई कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या बांधत होत्या. ती खोली सालाबरोबरची होती. साल असेपर्यंत खोली. बाईंनी त्यांना नाटक समजावून सांगितले. पाणक्या का बसतो, ते बसणे का महत्त्वाचे, राजाने उभे राहणे का महत्त्वाचे. वत्सलाबाईंनी हातातली पेंढी पुरी बांधून खाली ठेवली.

“समजलं मले,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्याले बसवसान, बसीन बी तो. पन बाई, उठल्यावर त्याले कुठी बसवसान, ते सांगा.”

उत्तराची वाट न बघता त्यांनी आम्हाला पाणी दिले आणि पुढची पेंढी बांधायला घेतली.

प्रश्न खरा होता. तिथे सालदाराचे साल आखाजीच्या सकाळी ठरते. मालक दोन माणसांसमोर नारळ आणि सुपारी हातात देतो. कागद होत नाही. नारळ मिळाला की वर्षभराचे काम आणि खोली. न मिळाला तर त्याच दिवशी सामान बांधायचे. नाटक आदल्या संध्याकाळी होते. म्हणजे ज्या मालकाला सुपडूंनी उभे ठेवायचे, तोच मालक बारा तासांनी नारळ द्यायचा की नाही ते ठरवणार होता.

फाट्यावर बसच्या शेडखाली थांबल्यावर बाई म्हणाल्या, “सोनवणे बी हाईच सांगी ऱ्हायंता. मी त्याले भितरा समजनी.”

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या गावात गेल्या. तिथे झालेले बोलणे मला त्यांनी आणि सुपडूंनी वेगवेगळे सांगितले, दोन्ही जुळते. बाईंनी विचारले, “अंक काढी टाकूत का? तू सांगशी ते.” सुपडू खळ्याच्या कडेला उकिडवे बसले होते.

“काढू नका. लिहेल आहे त होऊ द्या,” ते म्हणाले. “फक्त नाटक एक दिवस पुढं घ्या.”

“कसाले?”

“सकाळी साल ठरून जाईन. नारळ हातात आला का वरीसभर आबा बी मले उठवत नही. मंग संध्याकाळी बसतो मी, आरामात.”

बाई जळगावला परतल्या आणि थेट आमच्या कार्यालयात आल्या. उन्हाने चेहरा लाल झाला होता. “तीस वरीस शिकाडं मी हाई नाटक,” त्या म्हणाल्या. “हाई वाचन माले कोनी दाखाडं नही.” त्या दिवशी त्यांच्या पुस्तकात एक नवी खूण आली: ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर परत जायचे आहे, त्याच्या नावाखाली दुहेरी रेघ. चार अंकांत ती खूण फक्त पाणक्याच्या नावाखाली आहे.

नाटक पुढे घ्यायला कारण हवे होते. खरे कारण सांगितले असते तर ते आबांपर्यंत गेले असते. बाईंनी मंडळाला सांगितले की आखाजीच्या आदल्या दिवशी पितरांच्या घागरीच्या तयारीसाठी त्यांना धुळ्याला घरी जावे लागेल. नाना कुरकुरले. आजोबांपासून चालत आलेला दिवस, आणि आखाजीच्या संध्याकाळी माहेरवाशिणी झोके सोडून नाटकाला येतील कशाला? आबा म्हणाले, बाई नसतील तर चौथा अंक कोण सांभाळणार, घ्या एक दिवस पुढे. दिवस बदलला. बाई त्या दिवशी धुळ्याला गेल्या नाहीत, जळगावात घरीच होत्या. त्यांनी सांगितलेले मला माहीत असलेले हे एकच खोटे.

आखाजीच्या सकाळी आबांनी ओट्यावर सुपडूंच्या हातात नारळ दिला. साक्षीला नाना आणि शेजारचे एक गृहस्थ होते. आबा हसत म्हणाले, “संध्याकाळी राजा व्हनार तू. सकाळी सालदार त व्हय.” सुपडूंनी नारळ कपाळाला लावला आणि तो वत्सलाबाईंकडे दिला.

संध्याकाळी सातला नाटक सुरू झाले. झोके सोडून बायका आल्या होत्या. बायकांची उजवी बाजू भरली होती. बाई विंगेत नक्कल घेतलेल्या नानांच्या मागे उभ्या होत्या. तीन अंक दरवर्षीसारखे झाले. तिसऱ्यानंतर काही लोक उठून चपला शोधू लागले. पडदा पुन्हा वर गेला तेव्हा ते आहेत तिथेच खाली बसले.

राजा आला. म्हणाला, “सूर्य मावळला. ऊठ.”

सुपडू उठले नाहीत. पाठ मागे टेकलेली होती. क्रेट उंच रचलेले होते आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते.

मागून कोणी ओरडले, “ऊठ ना रे सुपड्या, आबा उभे आहेत!” हशा झाला. सुपडूंनी तिकडे पाहिले नाही. हशा संपेपर्यंत ते थांबले आणि मग पुस्तकातले वाक्य म्हणाले.

“महाराज, आज मी मेलो असतो, तर उद्या वाड्यात पाणी कोणी भरले असते?”

राजाचे उत्तर दोन शब्दांचे आहे. आबांना ते आठवले नाही. नानांनी सुचवले. आबांनी विंगेकडे मान वळवली. नानांनी पुन्हा सुचवले, या वेळी पुढच्या दोन-तीन रांगांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मिनिटभर वेळ गेला असेल. एवढा वेळ आबा उभे होते आणि सुपडू बसलेले होते.

“दुसऱ्या कोणी,” आबा म्हणाले.

“मग महाराज, राजाही दुसरा कोणी मिळाला असता.”

एवढे बोलून सुपडू खाली उतरले, हंडा उचलला आणि न विचारता निघून गेले. टाळ्या आधी बायकांच्या बाजूने वाजल्या.

बातमी मी लिहिली. मंडळाची परंपरा, सापडलेला अंक, बाईंचे काम. मालक आणि सालदार यांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात होता. शीर्षक डेस्कवर बदलले गेले: ‘सालदार सिंहासनावर, मालक उभा’. आबा विंगेकडे बघताहेत आणि सुपडू पाय सोडून बसले आहेत, असे छायाचित्र सोबत होते. शीर्षक माझे नव्हते. बातमी आणि छायाचित्र माझे होते.

सकाळी सातला बाईंचा फोन आला.

“बातमी वाची,” त्या म्हणाल्या. “हाई बातमीमा बठेल कोन शे, सांगू?”

“कोण?”

“तू. त्या दोन्ही उभा शेतस.”

त्यांनी फोन ठेवला. पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या दिवसांत आबांना पुण्याहून मुलाचा आणि धुळ्याहून व्याह्यांचा फोन आला. काय बोलणे झाले ते आबा सांगत नाहीत. फोन आले होते, एवढे सांगतात. वर्षभर ते सुपडूंना एक शब्दही वावगा बोलले नाहीत. वत्सलाबाईही तेच सांगतात.

पुढच्या आखाजीला आबांनी सुपडूंना नारळ दिला नाही. मी आबांना कारण विचारले. ते म्हणाले, बागेत ठिबक बसवले, आता पाणी द्यायला गडी लागत नाही. ठिबक खरोखर बसवले होते, मी पाहिले. सुपडूंना विचारले. तेही म्हणाले, “ठिबक झालं ना साहेब.” त्या वर्षी मंडळाने नाटक केले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

बाईंनी ठिबकचे कारण मानले नाही. सुपडूंना फैजपूरजवळ एका केळीच्या बागेत काम मिळाले होते. नारळ चुकला त्याच वर्षीच्या ज्येष्ठात बाईंनी मला तिकडे न्यायला सांगितले. तोपर्यंत त्यांचे गुडघे दुखू लागले होते. बसमधून उतरायला वेळ लागला. बागेच्या कडेला खाट टाकली होती. त्या खाटेवर बसल्या, सुपडू समोर उलट्या क्रेटवर.

“मन्हामुळे तुनं साल गयं, सुपडू,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी वाटेतच ठरवले असावे, कारण इतर काही विचारण्याआधी तेच बोलल्या.

“तुमच्यामुळं काय?” सुपडू म्हणाले. “बसलं कोन? मी बसलो. दिवस पुढं घ्या हे बी मीच सांगेल. तुम्ही त नुसती वही लिहेल बाई.”

वत्सलाबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “या बागवाल्या दादानं खाट देली आहे याले बसाले. बसते कुठी, झोपते मेला.”

बाई हसल्या. मी त्यांना इतके हसताना वर्गात पाहिले नव्हते. परत येताना एसटीत त्यांनी पेन्सिल काढली, पुस्तकातले चौथ्या अंकाचे पान उघडले आणि काहीही न लिहिता बंद केले.

त्या दिवाळीनंतर पुतण्यांनी त्यांना धुळ्याला नेले. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. पुतण्या उशाशी बसला होता, डॉक्टर उभे होते, मीही उभा होतो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “आते मी आडवी,” त्या म्हणाल्या. “एन्हाकरता निशानीच नही मन्हाकडे.” मग मला बसायला सांगितले, आणि गावचे नाटक पुन्हा सुरू झाले का ते विचारले. मी नाही म्हणालो.

बाई गेल्याचे मी नानांना कळवले, नानांनी आबांना. फाल्गुनात मंडळाची बैठक झाली. आबा म्हणाले, यंदा नाटक करा, चारही अंक. पाणक्याचे काम करायला गावात दोन जण तयार होते. आबांनी स्वतः फैजपूरला सुपडूंना फोन केला. फोन आल्याचे सुपडूंनी मला सांगितले. काय बोलणे झाले ते दोघांनीही सांगितले नाही.

यंदाच्या आखाजीला सकाळी फैजपूरच्या बागेत सुपडूंचे साल पुन्हा ठरले. दुपारच्या बसने ते आणि वत्सलाबाई गावात आले. संध्याकाळी नाटक झाले. चौथ्या अंकात सुपडू बसले, आबा उभे राहिले. नाटक संपल्यावर दोघे नानांच्या घरी जेवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने सुपडू आणि वत्सलाबाई फैजपूरला परत गेले. शेतीची वीज नऊला येणार होती आणि त्यांना बागेला पाणी सोडायचे होते.